तुम्ही विचारलंत म्हणून : खुनी शोधून द्याल का?

"मॅडम, तुम्ही तर मानसशास्त्राच्या. एकामागून एक खून पडत असले तर पोलिसांना खुनी शोधून द्याल का?" परभणीत हा प्रश्न आला की पाठोपाठ मानवतचं नाव निघतंच. १९७२ ते १९७४ मधलं ते हत्याकांड, गुप्तधनापायी गेलेल्या बायका आणि कोवळ्या पोरी. जुनी माणसं अजूनही आवाज खाली आणून सांगतात.

तर, शोधून नाही देता येत. आधी कुठं बघायचं, तेवढं सांगता येतं.

वर्गात मी परभणीचा नकाशा पसरते. एका मुलीला सांगते, आठवडाभरात जिथं जिथं गेलीस तिथं टिकली लाव, घर सोडून. ती लावते : कॉलेज, एसटी स्टँड, मामाचं घर, जिंतूर रोडवरचं मेडिकल. टिकल्यांचा घोळका होतो आणि बाकीची पोरं तिच्या गल्लीवर बरोबर बोट ठेवतात. गुन्हेगारही बहुतेकदा असाच ओळखीच्या वाटांनी फिरतो.

१९८६ मध्ये लंडनला डेव्हिड कँटर या मानसशास्त्रज्ञानं हेच केलं. रेल्वे स्टेशनांच्या आसपास बलात्कार होत होते, तीन खूनही झाले होते. कँटरनी गुन्हे वर्षवार नकाशावर मांडले आणि हा माणूस लंडनच्या किलबर्न भागाच्या बाजूला राहत असावा, असं सांगितलं. खरा गुन्हेगार जॉन डफी तिथंच राहायचा. पोलिसांच्या जवळपास २००० संशयितांच्या यादीत त्याचं नाव होतंच, पण पार खाली. पुढची पाळत, अटक, ज्या सुतळीनं बळींना बांधलं होतं तसल्याच सुतळीचा त्याच्या आईवडिलांच्या घरात सापडलेला गुंडा, हे सगळं पोलिसांचं काम. कोर्टात सुतळी बोलते, माझा अंदाज नाही.

आणि हा अंदाज पुरावा म्हणून वापरला की काय होतं, तेही लंडननंच पाहिलं. १९९२ मध्ये विम्बल्डन कॉमन या तिथल्या मोकळ्या माळावर एका तरुण आईचा खून झाला. मानसशास्त्रज्ञाच्या वर्णनात बसतो म्हणून पोलीस एका तरुणाच्या मागे लागले. त्यानं कबुली द्यावी म्हणून साध्या वेशातल्या महिला पोलिसाला त्याच्याशी मैत्री करायला लावलं. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा फेटाळला, तरुण सुटला. पण तो कोठडीत होता तेव्हा, नोव्हेंबर १९९३ मध्ये, खऱ्या खुन्यानं आणखी एका आईला आणि तिच्या ४ वर्षांच्या मुलीला मारलं होतं. विम्बल्डनचा खून त्यानं कबूल केला २००८ मध्ये.

त्या चार वर्षांच्या लेकराचा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून कुणी मोबाइलवर फोटो पुढं करून "बघा बरं, हा वाटतो का तसला?" असं विचारलं, तर मी तो मोबाइल हातात घेत नाही.