मेडोऱ्यातला दवणा

आईला बायसन दाखवायचा म्हणून जूनअखेरीस अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाला गेलो. मिनियापोलिसहून तिथल्या मेडोरा गावापर्यंत जवळजवळ नऊ तास गाडी हाकली. पहिला दिवस त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी थिओडोर रूझवेल्ट नॅशनल पार्कात शिरलो, तर रस्त्याच्या मधोमध बायसन आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग. खिडकी-खिडकीतून फोन बाहेर आलेले. अर्धा तास आम्ही त्याचं बूड बघत बसलो. आई म्हणाली, "म्हैसच की गं ही, केस वाढवलेली!" गर्दीला मी वैतागले होतेच. वाट मिळताच पुढे जाऊन लिटल मिसुरी नदीकाठच्या सपाटीवर गाडी लावली.

तिथे चिटपाखरू नव्हतं. गवतात कमरेएवढी, राख फासल्यासारखी चंदेरी झुडपं, पार नदीपर्यंत. आई वाकली, एक पान फांदीवरच बोटांत चुरलं आणि बोटं नाकाशी नेली. "अगं, दवणाच की हा!"

जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा, इथे? मी हसले आणि वास घेतला. दवण्याचा गोडवा नाही, कापराकडे झुकणारा उग्रपणा जास्त. पण ओळख पटावी इतका जवळचा. फोनमध्ये बघितलं: हे सिल्व्हर सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया काना. आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स. चुलतभावंडंच! कोल्हापूरच्या बाईने ते नाकाने ओळखलं, आणि मी इथे इतकी वर्षं राहून त्याला 'काहीतरी झुडूप' म्हणत आले.

"एक डहाळी घेऊ?"

"आई, पार्कात तोडायचं नसतं."

"देवाला न्यायचं त्याला कसली बंदी?" ती तासभर रुसली.

मग मात्र बायसन राहिले बाजूला आणि आम्ही झुडपंच बघत हिंडलो. टेकड्यांचे दक्षिणेकडचे उतार उन्हाने बोडके. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन तिरपं पडतं, ओल टिकते, म्हणून तिथे रांगता जुनिपर पसरलेला. उंची घोट्याच्या जरा वर, पण पसारा असा की कुणी हिरवी गोधडी वाळत घातलीय. आणि हिवाळ्यात बर्फ साचतं त्या खोलगट जागी वुल्फबेरीचं गच्च रान, पांढरट गुलाबी फुलांनी भरलेलं. ते जमिनीखालच्या खोडांनी पसरतं, त्यामुळे वणव्यात वरचं जळालं तरी खालून पुन्हा फुटतं. सिल्व्हर सेजही तसाच चिवट. लांबून मला हे सगळं नुसतं गवत वाटलं होतं. आपल्याकडच्या माळाला मी 'पडीक' म्हणायचे, तेही असंच लांबून.

गवताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. 'नीडल अँड थ्रेड' नावाच्या गवताची कुसळं पायमोज्यांत अशी घुसली की रात्री मोटेलच्या पलंगावर चिमटा घेऊन बसावं लागलं. काढता काढता एक गोचीड निघाली. मी किंचाळले.

आईने चष्मा लावून पाहिली. "त्या म्हशीची असणार."