मॉडेल 41 ला कोणती रिकॉइल स्प्रिंग? एप्रिल ते डिसेंबरच्या नोंदी

एप्रिलअखेर

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 41 अखेर रीतसर माझ्या परवान्यावर चढलं. .22 चं स्पर्धेचं पिस्तूल, साडेपाच इंची बॅरलचं. सात इंचीवालं स्टँडर्ड पिस्तूलच्या मॅचला चालत नाही, कारण आयएसएसएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची, बॅरलची मर्यादा 153 मिलिमीटर आहे आणि साडेपाच इंच म्हणजे 140. जुनं पिस्तूल घेणाऱ्यांनी व्यवहाराआधी पट्टी लावून बघावं.

ज्या काकांकडून घेतलं त्यांनी ते जिवापाड जपलं होतं. ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर, एक ओरखडा नाही. पण रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणणारी स्प्रिंग, शेवटची कधी बदलली, हे विचारल्यावर म्हणाले, "चालून राहिलं ना बावा, मग कायले हात लावतो?"

चालत होतंच. 150 सेकंदांत पाच गोळ्यांच्या निवांत फैरीत काही म्हणजे काही तक्रार नाही. प्रश्न सुरू होतो तो 10 सेकंदांत पाच गोळ्या मारताना. तिथे दुसऱ्या गोळीपासून माझे नेम उभ्या रेषेत पसरतात, डावी-उजवी जवळजवळ ठीक. आधी पकडीवर संशय घेतला, मग मोबाइल बाजूला स्टँडवर लावून स्लो मोशनमध्ये बघितलं. स्लाइड पुढे येऊन आपटते, माशी (पुढची साइट) क्षणभर नेमाच्या वर थांबते आणि मग सावकाश खाली येते. तेवढ्यात माझं बोट ट्रिगर दाबून मोकळं झालेलं असतं.

मग खोललं. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासून, स्लाइड मागे अडकवायची, ट्रिगर गार्ड खाली ओढायचा, बॅरल वर उचलायचं. स्लाइड काढली की स्प्रिंग हातात येते. नव्या स्प्रिंगशेजारी टेबलावर ठेवली तर जुनी चांगली पेरभर आखूड, आणि मधली दोन-तीन वेढी एका बाजूला कललेली. काकांना फोटो पाठवला. उत्तरादाखल फक्त हात जोडल्याची खूण आली.

पौंडांचा हिशेब

कारखान्यातून या पिस्तुलाला 7.5 पौंडांची स्प्रिंग येते. अमेरिकेतली वुल्फ ही कंपनी त्याच्या खाली-वरच्या ताकदीच्याही बनवते. मी 6.5, 7, 7.5 आणि 8 अशा मागवल्या. मागवल्या म्हणजे परवान्याची प्रत, क्लबचं पत्र, पुन्हा एकदा परवान्याची प्रत, आणि एका कुरिअर कंपनीकडे "पार्सल प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य ऐकत काढलेले आठवडे. यावर अधिक लिहित नाही, रक्तदाब वाढतो.

पाकिटावरचा आकडा म्हणजे स्लाइड पूर्ण मागे गेल्यावर स्प्रिंग जेवढा जोर लावते तेवढा. 7.5 पौंड म्हणजे 3.4 किलो, 6.5 म्हणजे 2.95 किलो. स्लाइड बंद असताना स्प्रिंग किती जोर लावते, म्हणजे प्रीलोड किती, हे पाकीट सांगत नाही. आणि आपल्या कामाचं बरंचसं गुपित तिथंच आहे. स्लाइड पुढे येताना शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये काडतूस चेंबरात नीट बसवण्याचं काम या प्रीलोडवरच चालतं.

हे मोजायला नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत गेलो. तिथं दुचाकीच्या आणि यंत्रांच्या स्प्रिंगा वळणारं एक छोटं वर्कशॉप आहे, ओळखीतून कळलेलं. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे. स्प्रिंग दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"हे कायच्या मशीनचं हाय?"

"पिस्तुलाचं, काका. स्पर्धेचं. बनवायची नाही, फक्त मोजायची आहे."

"मोजायची तर मोजू. बनवा म्हणला असता तर मी हात जोडले असते."

त्यांच्या लोड टेस्टरवर आधी बंद स्लाइडएवढी लांबी ठेवली, मग पूर्ण मागच्याएवढी, आणि दोन्हीकडचे आकडे लिहून घेतले. नव्या चारही स्प्रिंगा पाकिटाच्या आकड्याला धरून निघाल्या. पिस्तूल विकणाऱ्या काकांची जुनी स्प्रिंग शेवटच्या टोकाला फारशी पडलेली नव्हती, पण प्रीलोड नव्या 7.5 च्या निम्म्याच्या आसपास. मोबाइलवर दिसलेल्या संथ परतीचं कारण टेस्टरच्या काट्यावर सापडलं.

"एक गेज तार बदलली का स्प्रिंगच बदलते भाऊ," मालक म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. बाकी सगळं तेच ठेवून 0.9 मिलिमीटरची तार 1 मिलिमीटर केली तर स्प्रिंग दीडपट ताठर होते. म्हणून "अशीच दिसणारी" स्प्रिंग कुठूनतरी आणून घालणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

वेढी कापण्याचा सल्ला

हा सल्ला रेंजवर हमखास मिळतो. "मऊ पाहिजे ना? दोन वेढी काप." कापून बघायची गरज नाही, कागदावरच उलगडतं. 20 वेढ्यांची, 100 मिलिमीटर लांबीची एक स्प्रिंग धरा. बंद असताना ती 72 वर दाबलेली, पूर्ण मागे 35 वर. दोन वेढी कापल्या की लांबी 90 झाली, पण वेढी कमी झाल्याने प्रत्येक मिलिमीटरमागचा जोर साधारण 11 टक्क्यांनी वाढला. हिशेब केला तर पूर्ण मागचा जोर जेमतेम 6 टक्के उतरतो, आणि प्रीलोड मात्र जवळपास 29 टक्के कोसळतो. झटका जवळपास तोच, आणि काडतूस बसवायची ताकद गेली. वर कापलेलं टोक गाईड रॉडला घासत राहणार ते वेगळं. कमी पौंडांची स्प्रिंग लागते तर कमी पौंडांचीच घ्या.

मे

पारा 44 च्या पुढे. रेंजवर सकाळी लवकर जाऊन ऊन चढायच्या आत गुंडाळायचं, असा बेत. काडतुसं सगळी एकाच प्रकारची: सीसीआय स्टँडर्ड, 40 ग्रेनची (2.6 ग्रॅमची) गोळी, डब्यावर 1070 फूट प्रति सेकंद. डबा गाडीत ठेवायचा नाही, पिशवीत सावलीत.

चाचणी 10 सेकंदांच्या फैरीवरच करायची, हे आधीच ठरवलं होतं. गोळी बॅरल सोडते तोवर स्लाइड जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकलेली असते. म्हणजे जी गोळी सुटली तिच्या नेमावर स्प्रिंगचा परिणाम नगण्य, जो काही आहे तो पुढच्या गोळीवर. निवांत वेळ घेऊन ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके) मारायचे आणि "या स्प्रिंगने ग्रुप बारीक झाला" म्हणायचं, यात मला काही अर्थ दिसत नाही.

आधी 8 पौंडांची. रिकाम्या केस, म्हणजे काडतुसांची उरलेली पितळी नळकांडी, मनगटाजवळ, मेल्यासारख्या पडत होत्या. अधूनमधून एखादी अर्धवट अडकून उभी, म्हणजे स्टोव्हपाइप. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकायला हवी, तीही कधी अडके कधी नाही. स्लाइड पूर्ण मागे पोहोचत नाही, असा याचा अर्थ. शिवाय पुढे येताना इतक्या जोरात आपटायची की माशी नेमाच्या खाली बुडायची. स्टँडर्ड मॅचमध्ये मालफंक्शनची सवलत मोजकीच असते, तेव्हा 8 पाकिटात परत.

मग थेट 6.5. आणि इथे रेंजवर सगळे खूश! ज्याने हातात घेतलं त्याने "काय मऊ आहे बे" म्हटलं. मलाही पहिल्या दोन फैरी गोड वाटल्या. केस मात्र शेजारच्या नेमबाजाच्या टेबलावर, त्याच्या चहात पडायच्या बेताने. स्लाइड मागच्या टोकाला ठाणकन आदळतेय हे तळव्याला कळत होतं. व्हिडिओत तर जुन्या स्प्रिंगचीच गोष्ट थोड्या फरकाने: माशी वर जाते, वरच रेंगाळते. झटका मऊ, पण परत येणं उशिराचं. 10 सेकंदांत पाच म्हणजे पहिली गोळी धरून दर दोन सेकंदाला एक, त्यात रेंगाळायला वेळ कोणाकडे आहे?

म्हणून माझं मत असं झालंय की हाताला काय वाटतं हे स्प्रिंग निवडताना शेवटी विचारावं. आधी बघावं, ट्रिगरनंतर काहीही न करता, पकड तशीच ठेवून माशी कुठे येऊन थांबते. खालच्या सहाच्या रेषेशी, मी जिथे नेम धरतो तिथेच ती आपसूक आली तर स्प्रिंग बरोबर. वर राहिली तर स्प्रिंग कमजोर, खाली बुडून वर आली तर जास्त. 25 मीटरवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं, त्रिज्या 25. माझ्या दोन साइटमधलं अंतर 20 सेंटिमीटर धरलं तर माशी 0.2 मिलिमीटर सरकली की गोळी पुरती 25 मिलिमीटर सरकली. डोळ्याला हे जाणवत नाही, व्हिडिओतही मुश्किलीने दिसतं, पण टार्गेटवर उमटतं.

7.5 नवी आणि 7 यांत मात्र घासाघीस झाली. त्या उन्हात 7.5 ने माशी अगदी जागेवर आणली. 7 किंचित वर ठेवायची, एवढीच की मी मुद्दाम शोधलं म्हणून सापडलं. दोन्हीवर एकही अडकलं नाही. 7.5 लावून ठेवली.

एकाने उत्साहाने हाय व्हेलॉसिटीचा डबा पुढे केला, 1235 फूटवाला. नको म्हटलं. गोळीचं वजन तेच आणि वेग एवढा वाढला तर स्लाइडच्या वाट्याला येणारी ऊर्जा सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. मग आतापर्यंतचे सगळे हिशेब रद्द.

पावसाळा

विशेष काही नाही. म्युझिक वायरची (पोलादी तारेची) स्प्रिंग गंजते एवढं लक्षात ठेवायचं. पाकिटातल्या स्प्रिंगांना तेलाचा हात, सिलिका जेलची पुडी, बस. पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवणाऱ्यांनी फोम दमट होतो हे एकदा हात लावून बघावं.

या काळात क्लबातल्या .32 वाल्या मित्राने विचारलं की हेच गणित त्याला लागू होईल का. थोडंच. त्याची वॅडकटर, म्हणजे सपाट नाकाची गोळी, 100 ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅम. वेग कमी असला तरी तिचा संवेग .22 च्या साधारण पावणेदोन पट पडतो. शिवाय तो खेळतो त्या सेंटर फायर प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात टार्गेट 3 सेकंद समोर, 7 सेकंद फिरलेलं, आणि दर वेळी गोळी एकच. माशी परत यायला त्याच्याकडे वेळच वेळ, हात तसाही खाली आणायचा असतो. त्याने स्प्रिंग निवडताना फक्त एक बघावं, दर वेळी न चुकता काडतूस बसतं का. 2006 च्या दोहा एशियाडमध्ये नेमबाज जसपाल राणांनी याच प्रकारात 590 मारून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. 60 गोळ्यांत फक्त 10 गुण गेले! तिथे एका अडकलेल्या केसलाही जागा नव्हती.

डिसेंबर

पहाटेचा पारा दहाच्या खाली. मेमध्ये लोण्यासारखं चालणारं पिस्तूल सकाळच्या पहिल्या फैरीत अडलं. केस बाहेर पडली, पण स्लाइडने पुढचं काडतूस उचललंच नाही, रिकाम्या चेंबरवर बंद. ऊन वर आल्यावर तेच पिस्तूल, तोच डबा, सगळं सुरळीत.

नागपूरची थंडी काही बर्फाळ नाही, पण 7.5 वर माझ्याकडे मोकळीक फार थोडी होती. थंडीत बारूद किंचित मंदावते आणि वंगण घट्ट होतं. काडतुसाचा वेग 5 टक्क्यांनी जरी उतरला तरी स्लाइडची ऊर्जा 10 टक्क्यांनी उतरते. आधी स्प्रिंगला हात न लावता रेल्सवरचं ग्रीस पुसून पातळ तेल लावलं. बराच फरक पडला, पण पहिल्या फैरीत एखाद्या वेळी शेवटी स्लाइड अडकत नव्हती. मग 7 घातली. तिने त्याच थंडीत सुरुवातीपासून साफ काम केलं, आणि गंमत म्हणजे माशी आता मेमधल्या 7.5 सारखीच जागेवर यायला लागली. कमी ऊर्जेच्या झटक्याला कमी पौंडांची स्प्रिंग, हिशेब जुळला.

तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी 7, आणि मार्चपासून 7.5. दोन्हींच्या पाकिटांवर घातल्याची तारीख आणि मारलेल्या गोळ्या पेन्सिलने लिहितो. दर काही महिन्यांनी लांबी मोजायची, नव्यापेक्षा डोळ्याला कळेल एवढी आखूड झाली की फेकायची. 6.5 एका मित्राला देऊन टाकली, त्याला मऊच हवी आहे. वाद घातला नाही.

आता मॅगझिनचा प्रश्न उरलाय. दोनपैकी एकातच चौथं काडतूस नाक खाली करून येतं, स्प्रिंग कुठलीही असो. म्हणजे दोष रिकॉइल स्प्रिंगचा नाही, मॅगझिनच्या ओठांचा किंवा त्यातल्या स्प्रिंगचा. दोन्ही मॅगझिनच्या ओठांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून लिहितो.