तळघरातली ओल

"लाकडी फरशी टाकायची आहे" असं काकांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हाच मी फरशीच्या नमुन्यांच्या पेटीबरोबर जाड प्लास्टिकचा तुकडा गाडीत टाकला. ऑगस्ट महिना, आर्वी तालुक्यातलं गाव, जुना वाडा. तळघरात पूर्वी कापूस भरत. आता गावातल्या पोरांसाठी अभ्यासिका करायची होती.

पायऱ्या उतरलो तर कोंदट वास. भिंतीला कमरेपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार; बोट फिरवलं की पांढरी पूड. खाली टाइल्स, सांध्यांत काळ्या रेघा. एक टाइल उचकटली, खालचा कोबा पुसून कोरडा केला, प्लास्टिक अंथरून चारही कडा टेपनं बंद केल्या. "उद्या येतो, हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची वरची बाजू कोरडी, खालून थेंबच थेंब. वर थेंब असते तर हवेतला दमटपणा म्हटलं असतं. ही जमिनीतली ओल.

"पन पानी तं कुठंच दिसत नाही भाऊ," काका म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी मी अशाच खोलीत लॅमिनेट टाकलं होतं. शेवटी दाबलेला भुसाच तो. पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगून वर आल्या. उचकटायलाही मीच गेलो. अर्धे पैसे अजून यायचेत, आणि मागायला तोंड नाही.

मुलानं मोबाइल पुढे केला: एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक यांची पट्टी, वॉटरप्रूफ. पट्टी भिजत नाही हे खरं, पण ओल तिच्याखाली कोंडते, बुरशी धरते. एपॉक्सीच्या, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या राळेच्या थराला खालून वाफेचा दाब आला की फोड येतात. मग टाकायचं काय?

उत्तर आजीकडे होतं. "पयले इथं दगडी फरशी होती, बाप्पा. आंगनात सिमेट टाकलं तवापासून हे चिपचिप."

अंगणात गेलो. कोब्याचा उतार वाड्याकडे, पन्हाळीचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी. बादलीभर पाणी ओतलं. ते वाहिलंच नाही. कोबा आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत गुडगुड करत गेलं. काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भिंतीपासून सुटते, त्यातून अशा फटी पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी धरून बसते, आणि इथे ती तळघराच्या भिंतीला टेकलेली.

पन्हाळ नालीकडे वळवली, अंगणाचा उतार फिरवला. दिवाळीनंतर तळघरातला कोबा फोडला तर खाली दगडी फरशी जवळपास शाबूत. चार दगड तेवढे बदलले, सांधे चुन्यानं भरले, वर काही टाकलं नाही. टेबलं लोखंडी पायांची, भिंतीपासून वीतभर लांब. माझी फरशी खपली नाही ती नाहीच, मजुरी मिळाली.

पुढच्या ऑगस्टमध्ये तोच तुकडा घेऊन गेलो. रात्रभरानंतर खालून धुरकट वाफ होती, थेंब नव्हते. भिंतीची पांढरी पूड मात्र अजून पडते. भिंतींना ओल आत कोंडणारा सिमेंटचा गिलावा मारायला काका अधूनमधून सांगतात, आणि मी दर वेळी कापसाच्या भावाचा विषय काढतो.