बाराव्या डिशची तीन मिनिटं

त्या दिवशी ती पेढे घेऊन आली होती. जुलैचा पाऊस सुरू होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती आणि तिच्या गावचा रस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता. तरी वाटेत थांबून तिनं पेढे घेतले होते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात पहिल्यांदाच हाती काही ठोस लागलं होतं, आणि सोमवारी ते विभागापुढे मांडायचं होतं.

मी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजणारं यंत्र, चालवते. नमुना आत गेला की आकडा बाहेर येतो असं बाहेरच्या लोकांना वाटतं. त्याचं मला काही नाही, पण संशोधन करणारेही जेव्हा झेरॉक्सच्या दुकानात आल्यासारखं "उद्यापर्यंत होईल ना?" विचारतात तेव्हा वाईट वाटतं. यंत्र फक्त कुपीत आलेल्या गोष्टी मोजतं. कुपीत यायच्या आधी पेशीचं काय झालं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

तिचा प्रश्न चांगला होता. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवट मोडतात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात. ओटो वारबुर्गनं १९२०च्या दशकात हे दाखवलं. सह्याद्रीतल्या एका वनस्पतीच्या अर्कानं ही क्रिया मंदावते का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी पेशींना जे ग्लुकोज द्यायचं, त्यातले सहाही कार्बन नेहमीच्या १२ऐवजी १३ वजनाचे असतात. पेशीला चवीत फरक कळत नाही, यंत्राला वजनात कळतो. साधं लॅक्टेट ८९ वर दिसतं, या ग्लुकोजपासून झालेलं ९२ वर. पेशीच्या ऊर्जाचक्रातलं पुढचं रसायन सिट्रेट १९१ वरून १९३ वर सरकतं, कारण वाटेत एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि त्या चक्रात दोनच शिरतात. भांड्यावर नाव घालून ते कुणाकुणाच्या घरी फिरलं ते बघावं, तसं हे काम. मला ते अजूनही फार सुंदर वाटतं.

हे ग्लुकोज मिळवायला चार महिने गेले होते. खरेदीची फाईल 'ग्लुकोज स्थानिक बाजारात अल्प दरात उपलब्ध आहे, तफावतीचा खुलासा करावा' अशा शेऱ्यासह परत आली होती. मी दोन पानी खुलासा लिहिला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही, पण सही झाली.

निकाल नजरेत भरणारे होते. पेशी वाढवलेल्या बारा डिश, सहा साध्या, सहा अर्काच्या. अर्काच्या डिशमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि फ्रुक्टोज बिसफॉस्फेट हे ग्लुकोज मोडतानाचे मधले पदार्थ आणि पेशीतलं लॅक्टेट, सगळं निम्म्याच्या आसपास. आठवड्यापूर्वी पडद्यावर हे बघून मीच "छान दिसतंय" म्हणाले होते. तो शब्द अजून टोचतो.

त्या सकाळी तिच्या स्लाइडसाठी मी नुसते आलेख काढत होते. या वेळी पद्धतीत एएमपीही घेतलं होतं, म्हणून सहज एटीपी, एडीपी, एएमपी शेजारी शेजारी मांडले. एटीपी म्हणजे पेशीचं भरलेलं इंधन, एडीपी अर्धवट वापरलेलं, एएमपी संपलेलं. या तिघांवरून पेशीचा ऊर्जाभार काढता येतो: एटीपी अधिक निम्मं एडीपी, भागिले तिघांची बेरीज. धडधाकट पेशीत तो ०.८च्या वर असतो. साध्या डिशमध्ये तो ०.९ पासून हळूहळू उतरत ०.८५ पर्यंत आला होता. सातव्या डिशपासून उतार वाढला आणि बाराव्याला तो ०.६ वर होता. उतरला होता तो डिशच्या क्रमानं, एकामागून एक, पायऱ्यांसारखा. सहाही डिशना अर्क एकच, मात्रा एकच, वेळ एकच. मग पायऱ्या कशाच्या?

मी पेढ्यांचा बॉक्स बाजूला सरकवला. तिनं ते पाहिलं.

मग कार्बन-१३ चा वाटा पाहिला. अर्कामुळे ग्लुकोज मोडण्याचा वेग खरंच मंदावला असता, तर ते दिल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत ९२ वजनाच्या लॅक्टेटचा वाटा अर्काच्या डिशमध्ये कमी भरायला हवा होता. तो दोन्हीकडे जवळपास सारखाच होता. टाकीत पाणी कमी आहे, पण जे आहे त्यात ताज्या पाण्याचं प्रमाण तेवढंच. म्हणजे नळ चालू होता. टाकी नंतर रिकामी झाली होती, नळ बंद केल्यावर.

तिनं पेशींभोवतालचा द्रव फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. अशी मुलगी विरळा, बहुतेक जण सिंकमध्ये ओततात. त्यातलं लॅक्टेट आम्ही साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजलं. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर आणि एनएडी घालायचं, आणि लॅक्टेटच्या प्रमाणात एनएडीपासून तयार होणारं एनएडीएच ३४० नॅनोमीटरवर वाचायचं. एनएडीएच तिथला प्रकाश शोषतं आणि एनएडी शोषत नाही, एवढ्यावर ही सगळी चाचणी उभी आहे. १९३०च्या दशकात तीही वारबुर्गच्याच प्रयोगशाळेत आकाराला आली. दुपारी दोनपर्यंत आकडे आले. पेशींची संख्या सारखी, बाहेर टाकलेलं लॅक्टेटही सारखं. टेबलावरच्या जुन्या पेटीनं सरळ उत्तर दिलं होतं. वातानुकूलित खोलीतल्या कोट्यवधींच्या यंत्राला आम्हीच चुकीची कुपी दिली होती.

मी बारा रिकाम्या डिश मांडल्या, पाणी दिलं, स्टॉपवॉच हातात घेतलं आणि म्हटलं, "त्या दिवशी केलंस तसंच कर."

तिनं बाराही डिशमधला द्रव ओढून घेतला, सगळ्यांवर पीबीएस, म्हणजे पेशी धुवायचं खारं पाणी, म्हणून साधं पाणी घातलं, आणि मग पहिल्या डिशपासून एकेकीतलं पाणी ओढत त्यात थंड मिथेनॉल ओतू लागली. पेशीचं काम थांबतं ते या मिथेनॉलनं. ओढायची नळी एकच. पहिली डिश दहा सेकंदांत झाली. बारावीवर मिथेनॉल पडलं तेव्हा घड्याळात तीन मिनिटं उलटली होती.

"मी सगळ्यांवर एकदमच पीबीएस घातलो मॅडम, म्हणजे सगळ्या सारख्या धुतल्या जातील म्हणून," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली असंच बोलतात. मग तिचा आवाज बारीक झाला. "पण त्यात ग्लुकोज न्हाई की."

नाही. पीबीएस म्हणजे मीठ आणि फॉस्फेट. धुवावं तर लागतंच, कारण भोवतालच्या द्रवातलं ग्लुकोज आणि क्षार यंत्रात गेले तर पेशीच्या आतलं काही नीट दिसत नाही. पण धुताना पेशी जिवंत असते आणि तिचं काम चालूच असतं. या मार्गावरची कित्येक रसायनं काही सेकंदांत तयार होतात आणि संपतात. तीन मिनिटं उपाशी ठेवलेल्या पेशीत जे उरलं, ते आम्ही अर्काचा परिणाम म्हणून मोजलं होतं.

आणि अर्काच्या डिश शेवटी का? 'आधी कंट्रोल, मग औषध', पेशींच्या खोलीतल्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेल्या कागदावर तसं लिहिलंय. अक्षर माझं आहे. पिपेटला लागलेला अर्क साध्या डिशमध्ये जाऊ नये म्हणून मी ते लिहिलं होतं. त्या पोरीनं सांगितलेलं काटेकोर पाळलं, एवढंच.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती बराच वेळ डिशकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आमचे आबा गुळवे हाईत. काहील उतरायच्या टायमाला कुणाला बोलूनसुदीक देत न्हाईत. काकवी पायजे तर आधी उतरायची, गूळ पायजे तर नंतर. मधी जरा इकडं तिकडं बघितलं की आख्खं आदण जातंय." पुढं म्हणाली, "मला ह्ये ठावं हुतं मॅडम. हितं लावलो न्हाई."

तिनं गाइडना फोन लावला. सोमवारचं रद्द करू नकोस, आकडे यंत्रातूनच आलेत ना, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला संताप आला आणि तो मी लपवला नाही. विद्यार्थी चुकला तर समजू शकते. चूक समोर दिसत असताना यंत्राच्या नावावर ती खपवायची, हे मला आजही मान्य नाही. सोमवारचं तिनं स्वतःच रद्द केलं, लेखी अर्ज देऊन. संध्याकाळी पाच वाजता ती निघाली. रस्ता अजून चालू होता.

पाणी ओसरल्यावर आम्ही प्रयोग पुन्हा केला. डिशचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. एका वेळी एकच डिश. द्रव ओढायचा, ३७ अंशाचं अमोनियम अॅसिटेटचं पाणी फिरवून लगेच ओढायचं, वरून कोरड्या बर्फावर गार केलेलं मिथेनॉल. दहा सेकंदांच्या आत सगळं. मी शेजारी उभी राहून सेकंद मोजत होते आणि खोलीत आमच्यापैकी कुणी बोललं नाही. बाराही डिशचा ऊर्जाभार ०.९ च्या आसपास आला. ग्लुकोजच्या मार्गावरचा फरक गेला. १९३ वजनाच्या सिट्रेटचा वाटा अर्काच्या डिशमध्ये थोडा कमी दिसतो. सहा डिशवर मी त्याला काही नाव देणार नाही. ती आणखी तीनदा करणार आहे, बाटलीत तेवढं ग्लुकोज उरलंय.

पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. कुप्या लावताना तिनं विचारलं, "मॅडम, माझ्या आधीच्या दोघांनी पण ह्याच कागदावरनं केलंय न्हवं?"

केलंय. दोघांनाही पदव्या मिळाल्या आहेत आणि एकाचा निबंध छापून आलाय. दोन्ही कामांत औषधानं लॅक्टेट घटलेलं आहे. तेव्हा आम्ही एएमपी मोजत नव्हतो. यंत्राच्या यादीत कुप्यांचा क्रम सापडतो, डिश कोणत्या क्रमानं उचलल्या तो कुठेच लिहिलेला नाही. त्यातला एक जण आता पुण्यात असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, आता कुठं आठवणार?" आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये त्या दोघांच्या उरलेल्या नमुन्यांचे तीन डबे आहेत. इतक्या वर्षांत त्यातलं एटीपी थोडंफार आपोआपच मोडलं असणार, त्यामुळे सगळ्या डिशचे आकडे खाली येतील. पण ते सगळीकडे सारखेच खाली येतील. पायऱ्या असल्या तर त्या तरीही दिसतील. भिंतीवरचा कागद मी काढलाय. गुरुवारी यंत्र मोकळं आहे, माझ्या नावावर लावून ठेवलंय.