खिद्रापूरचा कोपेश्वर: आराखडा कुठवर आलाय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या या शिवमंदिराचं रेखाटन करतोय. स्वर्गमंडपाचा, म्हणजे पुढच्या खुल्या मंडपाचा, तलविन्यास (जमिनीवरचा आराखडा) एकदाचा आलेखकागदावर बसला. आधी मधलं वर्तुळ घेतलं, कारण बाकीची सगळी मांडणी त्याच्याभोवतीच फिरते. छतात साधारण 13 फूट व्यासाचं गोल गवाक्ष, त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा आणि तिच्या कडेनं 12 खांब. मंडपातले खांब एकूण 48. येणारा प्रत्येक जण शिळेवर आडवा होऊन आभाळाचा फोटो काढतो. काढू दे. पण गवाक्षाच्या आतल्या कडेला आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल (दिशांचे रक्षक देव) आणि मोरावरचा कार्तिकेय आहेत, त्यांच्याकडे बघायचं राहूनच जातं.

जास्त वेळ खाल्ला तो खांबांनी. एकच खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्यावर गोल, मध्येच लेथवर फिरवल्यासारखी वळी. मग नकाशात छेद कुठला दाखवायचा? सगळे छातीच्या उंचीवर घेतलेत. प्रत्येक प्रकारातल्या एकेका खांबाचा उभा छेद वेगळ्या कागदावर काढतोय.

सभामंडप, अंतराळ (गाभाऱ्यापुढची छोटी खोली) आणि गर्भगृह सध्या नुसत्या रेघांत आहे. नंदी शोधू नका, इथं नाहीच. सती त्याच्यावर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली असं गावात सांगतात, आणि नदीपल्याड यडूरला तो दाखवतात. गाभाऱ्यात कोपलेल्या शिवाशेजारी, म्हणजे कोपेश्वराशेजारी, त्याची समजूत घालायला आलेला विष्णू, धोपेश्वर, लिंगरूपातच आहे.

काळाबद्दल थोडं. बांधकाम शिलाहार राजघराण्याचं, 12व्या शतकातलं. दक्षिण दाराजवळचा संस्कृत शिलालेख मात्र यादव राजा सिंघणाचा, शके 1136 चा (इ.स. 1214च्या सुमारास), देवाच्या पूजेसाठी गाव दिल्याचा. त्याच्या जरा आधीच, 1212च्या सुमारास, सिंघणानं शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचं राज्य बुडवलं होतं. राज्य नवं, देऊळ जुन्या राजांचं. अशा वेळी दिलेल्या दानात भक्तीइतकंच राजकारणही असणार, असं मला वाटतं.

आता गजपट्ट. मंदिराच्या पोटाखालून हत्तींची रांग फिरते, पाठीवर देवता, आणि बऱ्याच सोंडा तुटलेल्या. तुटलेला भाग तुटकाच काढणार, मनानं जोडणार नाही. पूर्वेकडचे हत्ती सकाळच्या तिरक्या उन्हातच घ्यायचेत, दुपारी काळ्या दगडावर सगळं सपाट दिसतं. पावसाळा लागायच्या आत निदान एक बाजू उरकायला हवी, कृष्णा चढली की शिरोळकडचे रस्ते कुणाचं ऐकत नाहीत.