वाढ की रस्सा

मटणाचे तुकडे मोजता येतात, रस्सा मोजता येत नाही. अवेळी दारात आलेल्या माणसाला "जेवूनच जायचं" म्हणताना कोल्हापुरातली बाई आधी पातेल्यात डोकावून बघत नाही, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. यंदाच्या उन्हाळ्यात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात पुण्याचा, मुंबईचा, इचलकरंजीचा असा सगळा गोतावळा जमला होता. जेवायला माणसं किती, हे पानं मांडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसायचं. घरची पोरं गल्लीतली आणखी पोरं घेऊन यायची. आणि तरी कधी कुणाला कमी पडलं नाही. हे जमतं कसं, म्हणून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ठाण मांडून बघत राहिलो.

आत्ती मटण आधी आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवते. ते अळणी पाणी म्हणजे घरातली खरी पुंजी. त्यातलं वाटीभर आधी लहान पोरांच्या आणि आज्जीच्या भातावर. मग निम्मं पांढऱ्याला. खसखस, तीळ, काजू बारीक वाटून घालायचे, लवंग-वेलदोडा-दालचिनीची फोडणी, आणि शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस्सा फुटतो. तेवढा वेळ आत्तीशी बोलायची कुणाची छाती नसते. उरलेलं पाणी तांबड्याला, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. तुकडे सुक्क्याला. एका पातेल्यातल्या मटणाचे असे तीन पदार्थ होतात, आणि त्यातल्या दोघांना ऐनवेळी हात सैल सोडता येतो. पाणचट मात्र होऊ द्यायचा नाही. पाणी कुठवर घालायचं, हे तवंगाकडे बघून आत्तीला कळतं. मला अजून कळत नाही.

तांबड्याचा जीव चटणीत, आणि ती चैत्रातच तयार असावी लागते. जोतिबाची यात्रा पार पडली की पेठेतल्या गच्च्या लाल होतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. प्रमाण किती, यावर आज्जी आणि आत्ती दरवर्षी नव्यानं भांडतात, आणि दरवर्षी आज्जीचंच खरं होतं. कांदा उभा चिरून तेलात लाल करायचा, खोबरं, तीळ, धने, खडा मसाला सगळं वेगवेगळं भाजायचं, लसूण भरपूर. मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा. तिथं शिंकत, डोळे पुसत बसलेल्या बायकांत कोण कुणाची सोयरी, कुणाचं लग्न ठरलंय, हे सगळं कळतं. वर्तमानपत्राची गरज नाही. चटणी बरणीत भरली, वर हिंगाचे खडे ठेवले, की आत्ती वर्षभराला मोकळी. परत जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत तिनं चटणीची पुडी टाकलीच.

उन्हाळ्यातल्या बाकीच्या स्वयंपाकाकडे मग मी याच नजरेनं बघायला लागलो. अक्षय तृतीयेला पुरण घातलं, तर डाळ शिजलेलं पाणी टाकायचं नाही, त्याची कटाची आमटी. पोळ्या मोजून, आमटी हवी तेवढी. रायवळ आंबे पिळले आणि रस जरा कमी वाटला, तर दूध. वर सुंठ आणि तूप, म्हणजे कुणी चौकशी करत नाही. हापूसच्या बाबतीत ही मोकळीक नाही, तो फोडी करून मोजूनच खावा लागतो, आणि म्हणूनच पंगतीत मला रायवळ बरा वाटतो. कुरडयांचा चीक तर गच्चीवर जायच्या आधीच अर्धा संपतो. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून काढलेला तो चीक गरमागरम शिजला की पोरं वाट्या घेऊन हजर. राहिलेल्याच्या कुरडया घातल्या, त्या वाळत आल्या, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी वळवानं गाठलं. अख्खी गल्ली गच्च्यांवर धावली. कुणाच्या कुरडया कुणाच्या घरात गेल्या याचा हिशेब अजून लागलेला नाही.

एक गोष्ट मात्र ताणता येत नाही, ती भाकरी. ती एकेक थापावी लागते. माणूस वाढला की भाकरी वाढली, आणि मेच्या उकाड्यात गॅससमोर उभं राहणारीचा तासही वाढला. ती जेवायला बसेपर्यंत तवंग संपलेला, रस्सा कोमट, आणि सुक्क्यात नुसता मसाला. इतकी वर्षं आपण याला अन्नपूर्णा वगैरे म्हणून मोकळे झालो. यंदा आत्तीनं सांगून टाकलं, "भाकरी केंद्रातनं आणा. मी न्हाई थापत." कोपऱ्यावर बायकांनी चालवलेलं भाकरी केंद्र आहेच, ज्वारीची भाकरी पाहिजे तेवढी मिळते. आज्जी दिवसभर घुश्शात. "पाहुणे आल्यात, आणि विकतची भाकरी?" रात्री पानावर बसल्यावर म्हणाली, "जाड हाय." आणि आणखी एक मागून घेतली.

त्या रात्री बायकांची पंगत पहिली बसली. वाढायला काका. काकांना दर उन्हाळ्यात एक गोष्ट सांगायची असते, ती त्यांनी पळी हातात घेऊनच सुरू केली. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात; मग शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायला लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. गोष्ट खरी आणि मोठी आहे. कोण कुणाच्या पंगतीला, हा प्रश्न या गावात एका राजानं चहाच्या कपावर सोडवायला घेतला होता, याचा मलाही अभिमान आहे. पण आत्तीनं काकांना मधेच थांबवलं. "दादा, गोष्ट ऱ्हाऊ दे. वाटी तळाला गेलीय, वाढ की रस्सा!"

काका वाढत होते, पण बेतानं. मागच्या पंगतीला पुरेल का, याची त्यांना धास्ती. आत्ती गेली कित्येक वर्षं डोळे मिटून पळीवर पळी ओतते आणि पुरतं. काकांनी मोजून वाढलं, तर शेवटी पातेल्यात चांगला दोन शेर रस्सा उरला. तो आम्ही पुरुषांनी नंतर भातावर ओतून संपवला. भात आजऱ्याच्या घनसाळचा होता. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आज्जी तो पाहुण्यांशिवाय शिजवू देत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि घर रिकामं झालं. राहिलो आज्जी, आत्ती आणि मी. आणि मग कळलं, की रस्सा वाढतो तसा कमी होत नाही. तिघांपुरता पांढरा रस्सा आत्तीला करताच येईना. पाव किलो मटणाच्या अळणी पाण्याला चवच उतरत नाही म्हणते. पहिल्या रविवारी तिनं निम्मं मटण आणून बघितलं, स्वतःच्याच हाताला नावं ठेवली, आणि पुढच्या रविवारपासून पुन्हा मोठं पातेलं चढलं. आता उरलेला रस्सा स्टीलच्या डब्यातून गल्लीत फिरतो. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यामुळे तोही काही ना काही घेऊनच येतो. काल अळूवड्या आल्या. आज आज्जी म्हणते घावन घालून धाडा, आत्ती म्हणते घावन काय डब्यात टिकत्यात व्हय, आणि डबा अजून ओट्यावरच आहे.