बेणणी

कुडाळ तालुक्यातले ते जुने जांभ्याचे घर दिवाळीनंतर आमच्या ताब्यात आले, तेव्हा सातबाऱ्यावर ११ गुंठे असलेली जमीन प्रत्यक्षात कुठेच दिसत नव्हती. पडवीच्या पायरीपासून गडग्यापर्यंत घाणेरी आणि रानमोडी या झुडपांचेच राज्य होते. दोघीही मूळच्या अमेरिका खंडातल्या, त्यातली घाणेरी तर कोणा हौशी माणसांनी बागेच्या शोभेसाठी आणलेली. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर कुळकायद्याप्रमाणे घेणारा आधीच शेतकरी असावा लागतो, आणि वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे मीही तसा आहे. मात्र कोयता कोणत्या हाताने धरावा याचाही मला विचार करावा लागतो.

बेणणीला, म्हणजे वाढलेले रान तोडून साफ करायला, आलेला गावातला तरुण आधी काठीने रान झोडपून फुरसे नाही ना ते पाही, मग कोयता चालवी आणि दर चार पावलांनी थांबून विचारी, "काका, ह्या झाड ठेवूचा की तोडूचा?" जमिनीचा मालक म्हणून मिरवणाऱ्या माणसाची याहून मोठी परीक्षा नाही. लहानपणी आजोळी आषाढात आजी मला टाकळ्याचा कोवळा पाला खुडायला धाडत असे आणि त्याची खोबरे घातलेली भाजी आम्ही मिटक्या मारीत खात असू. तोच टाकळा भाद्रपदात गणपतीच्या वाटेवर कमरेएवढा वाढला की ती त्याला "मेलं रान" म्हणून उपटायला लावी. रान कशाला म्हणावे हे तिच्या लेखी महिन्यावर ठरत असे. माझ्याजवळ तेवढाही आधार नसल्यामुळे मी निम्म्या वेळा "ठेव" म्हणालो, आणि संध्याकाळपर्यंत अंगण एखाद्या अर्धवट सोडलेल्या हजामतीसारखे दिसू लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीच्या बाजूला कोयता खणकन दगडावर आपटला. वेली ओढून काढल्यावर खाली अखंड दगडातली, पाणी साठवायची एक डोण निघाली. हातभर खोल, तळाशी कुजलेला पाला, त्यात एक नाराज बेडूक, आणि एका बाजूची कड कळशा टेकवून टेकवून गुळगुळीत झालेली. त्या कडेवरून हात फिरवताना खरेदीखताचा दिवस आठवला. आठ हिस्सेदार मुंबईहून सह्या करायला आले होते, आणि त्यांतल्या सर्वांत वयस्कर बहिणीने पैशांविषयी अवाक्षर न काढता एवढेच विचारले होते, "डोण आहे ना हो तिथे अजून?" काय विचारतात ते न समजताच मी घाईने "आहे, आहे" म्हणून मोकळा झालो होतो.

त्यांना फोन करायला हवा. नंबर खरेदीखताच्या फाइलीत आहे, आणि फाइल पुण्यात.